स्पॅनिशमधलं माझं-तुझं : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी विचारलं होतं, स्पॅनिश शिकताना माझं, तुझं, त्याचं, आमचं हे शब्द तुम्हाला नेमके कुठे अडवतात? पत्रं आली ती हॉटेलच्या काउंटरवरून, बोटीवरून, औषधांच्या दुकानातून आणि अर्थातच कॉलेजांतून. पणजीतल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गातही हेच प्रश्न निघतात आणि दर वेळी एक गोष्ट मला खटकते. मुलं विचार करतात मराठीत नाहीतर कोंकणीत, वहीत मात्र ‘माय’, ‘हिज’, ‘हर’ लिहून त्यांच्यासमोर स्पॅनिश शब्द पाठ करतात. वस्तू एक आहे की अनेक, याची इंग्रजीच्या ‘माय’ला पर्वा नसते. मराठीला असते, स्पॅनिशलाही असते. माझा भाऊ, माझे भाऊ : मी एर्मानो, मीस एर्मानोस. शब्दाचं रूप मालकाकडे नाही, मालकीच्या वस्तूकडे बघून बदलतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत इंग्रजीला मी मध्ये आणलेलं नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, जिथे मराठीची एखादी चांगली सवय स्पॅनिशला चालत नाही तिथे.

स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे, लॅटिन अमेरिकेत कानावर पडतात तसे.

*

टीचर, मी एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. स्पेनहून आलेलं जोडपं समोर उभं होतं. मी ‘सू पासापोर्ते, पोर फाबोर’ म्हटलं, तर दोघं एकमेकांकडे बघायला लागली. ‘सू’ म्हणजे त्याचा, तिचा, तुमचा की त्यांचा?
– एक वाचक, कळंगूट

चारही. त्याचा, तिचा, त्यांचा आणि आदरानं म्हटलेला तुमचा, या सगळ्यांना स्पॅनिशमध्ये एकच ‘सू’. वस्तू अनेक असल्या तर ‘सूस’. मालक पुरुष की बाई, एक की दहा, याचा ‘सू’मध्ये मागमूस नसतो.

‘तुमचा’ हा ‘त्याचा’च्या रांगेत कसा जाऊन बसला, ते समजलं की अर्धी अडचण सुटते. आदरार्थी ‘उस्तेद’ हा शब्द ‘ब्वेस्त्रा मेर्सेद’ या जुन्या संबोधनाचा झिजून उरलेला अवशेष आहे. त्याचा अर्थ ‘आपली कृपा’ असा काहीसा. समोरच्या माणसाला थेट ‘तू’ न म्हणता त्याच्या कृपेशी बोलायचं. मग क्रियापदही तृतीयपुरुषी आणि मालकीही तृतीयपुरुषी. आपल्याकडे ‘महाराजांनी आसनस्थ व्हावं’ म्हणतात तेव्हा महाराज समोरच असतात, पण वाक्य ‘त्यांच्या’विषयी असल्यासारखं चालतं. तीच रीत स्पॅनिशनं रोजच्या बोलण्यात कायम केली. पोर्तुगीजमधलं ‘व्होसे’ही अशाच ‘व्हॉसा मेर्से’तून आलेलं आहे.

आता तुमचं काउंटर. समोर दोघं आहेत आणि दोघांचे पासपोर्ट हवेत, तर ‘सूस पासापोर्तेस, पोर फाबोर’. एकाचाच हवा असेल तर त्याच्याकडे बघून शेवटी संबोधन जोडा : ‘सू पासापोर्ते, सेन्योर’. बाईंचा पासपोर्ट नवऱ्याकडे मागायचा असेल तर ‘सू’ टाळा आणि ‘एल पासापोर्ते दे ला सेन्योरा’ म्हणा. जिथे गोंधळ होईल असं वाटेल तिथे ‘दे एल’ (त्याचा), ‘दे एया’ (तिचा), ‘दे उस्तेद’ (तुमचा), ‘दे एयोस’ (त्यांचा) ही रूपं हाताशी ठेवा. यातला ‘दे एल’ लिहिताना तोडूनच लिहायचा. जोडून ‘देल’ केलात तर त्यात ‘त्याचा’ उरतच नाही, ते विभक्तीला चिकटलेलं नुसतं उपपद (नामाआधी येणारं ‘एल’, ‘ला’) होतं.

तुमच्यासारख्याच काउंटरवरच्या आणखी दोघांनी ‘त्यांची खोली’साठी ‘सूस आबितास्योन’ लिहिलं आहे. ‘त्यांची’ कानाला अनेकवचनी वाटतं म्हणून ‘सूस’. पण अनेक आहेत ती माणसं, खोली एकच. ‘सू आबितास्योन’. उलट एकट्या बाईंच्या तीन बॅगा असतील तर ‘सूस मालेतास’.

‘सू’ची आणखी एक बाजू आहे आणि तिथे मराठी स्पॅनिशपेक्षा नेमकी आहे. फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाकडून खेळलेले कोरो आणि एदू बेदिया हे दोघे स्पॅनिश खेळाडू इथे पुष्कळांना माहीत आहेत. समजा बातमीत वाक्य आलं : ‘कोरो ले द्यो आ एदू सू कामिसेता’. कोरोनं एदूला जर्सी दिली, पण कुणाची? मराठीत ‘आपली जर्सी दिली’ म्हटलं की ती कोरोची, आणि ‘त्याची जर्सी दिली’ म्हटलं की ती एदूची असू शकते. स्पॅनिशमध्ये ‘आपला’ हा शब्दच नाही. म्हणून स्पॅनिश माणूस ‘सू प्रोप्या कामिसेता’, म्हणजे स्वतःची, असं म्हणतो किंवा सरळ ‘ला कामिसेता दे एदू’. भाषांतर करताना मराठीतल्या ‘आपला’वर खूण करून ठेवा. ‘सू’ पुरेल की ‘प्रोप्यो’ जोडावं लागेल, हे तिथेच ठरवावं लागतं.

*

टीचर, मी बारावीत आहे. ‘माझे वडील शेतकरी आहेत’ हे मी ‘मीस पाद्रेस सोन आग्रिकुल्तोरेस’ असं लिहिलं. क्लासमधल्या बाईंनी ‘आईसुद्धा?’ असं लिहून पाठवलं. मला कळलं नाही. आणि ‘माझा’, ‘माझी’ असा लिंगभेद स्पॅनिशमध्येही होतो का?
– एक विद्यार्थिनी, डिचोली

तुझ्या बाईंनी बरोबर जागी बोट ठेवलं आहे. हा प्रश्न मला या सगळ्या पत्रांत सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण तो फक्त आपल्यासारख्यांनाच पडू शकतो. इंग्रजीतून लिहिलेल्या कुठल्याही स्पॅनिश व्याकरणात त्याचं उत्तर सापडणार नाही.

तू ‘माझे वडील’ हे आदरानं अनेकवचनात म्हणतेस. वडील एकच, तरी ‘माझे’, ‘आहेत’, ‘आले’, ‘म्हणाले’. स्पॅनिशमध्ये ‘मीस’ म्हणजे खरोखरच एकाहून अधिक. आणि ‘पाद्रे’चं अनेकवचन ‘पाद्रेस’ झालं की त्याचा अर्थ आई-वडील. म्हणजे तुझ्या वाक्यात आई-वडील दोघंही शेतकरी झाले. तुला हवं होतं ते ‘मी पाद्रे एस आग्रिकुल्तोर’. सगळं एकवचनी, आणि त्यात वडिलांचा जराही अनादर नाही. स्पॅनिश भाषा आदर वचनात ठेवत नाही. तो ‘उस्तेद’मध्ये असतो, नावाआधीच्या ‘दोन’ आणि ‘दोन्या’मध्ये असतो.

हीच गोष्ट घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला लागू आहे. ‘माझे आजोबा’ म्हणजे ‘मी आब्वेलो’. ‘मीस आब्वेलोस’ लिहिलंस तर आजी-आजोबा. ‘माझे काका’ हे ‘मी तीओ’; ‘मीस तीओस’ म्हणजे काका-काकू, मामा-मामी किंवा एकाहून जास्त काका. ‘मीस एर्मानोस’ म्हणजे भाऊच असतील असं नाही, भाऊ-बहिणी मिळूनही ‘एर्मानोस’च होतात. लग्न झालेल्या माझ्या विद्यार्थिनी ‘माझ्या सासूबाई’साठी ‘मीस स्वेग्रास’ लिहितात, आणि वाचणाऱ्या स्पॅनिश माणसापुढे एकाच घरात अनेक सासवा उभ्या राहतात. ‘मी स्वेग्रा’, एकच.

वडिलांविषयी पुढचं वाक्य लिहिताना ‘त्यांची शेती’ येईल. तिथेही ‘सू’च, जमीन एक असेल तर : ‘सू त्येर्रा’.

लिंगाचीही तू चौकशी केली आहेस, तर तेही इथेच सांगून टाकते. मराठीत माझा, माझी, माझं, माझे, माझ्या इतकी रूपं होतात. स्पॅनिशमध्ये नामाच्या आधी येणारे ‘मी’ (माझा), ‘तू’ (तुझा), ‘सू’ लिंग बघत नाहीत, फक्त वचन बघतात. मी एर्मानो, मी एर्माना. लिंग बघतात ते ‘न्वेस्त्रो’ आणि ‘ब्वेस्त्रो’, म्हणजे आमचा आणि तुम्हा सगळ्यांचा. आमचा गाव ‘न्वेस्त्रो प्वेब्लो’, आमची शाळा ‘न्वेस्त्रा एस्क्वेला’, आमची पुस्तकं ‘न्वेस्त्रोस लीब्रोस’, आमच्या वह्या ‘न्वेस्त्रोस क्वादेर्नोस’. वही मराठीत स्त्रीलिंगी, ‘क्वादेर्नो’ पुल्लिंगी. स्पॅनिश शब्दाचं लिंग स्पॅनिशलाच विचारायचं. बोलणारी तू मुलगी आहेस याचा या रूपांशी काही संबंध नाही, जसा मराठीत ‘आमचा गाव’ म्हणताना नसतो. आणि ‘आमचं’ व ‘आपलं’ यांत आपण जो फरक करतो, समोरच्याला धरून की सोडून, तो स्पॅनिशला ठाऊक नाही. दोन्हींना ‘न्वेस्त्रो’.

*

बाई, १९६१ पूर्वी मी पोर्तुगीज शाळेत शिकलो. आता नातीबरोबर स्पॅनिश शिकतो आहे. ‘आ मिन्या काझा’ (माझं घर) जिभेवर बसलेलं, त्यामुळे ‘ला मी कासा’ म्हणतो. नात म्हणते, आजोबा, ‘ला’ काढा. का काढायचा?
– एक ज्येष्ठ वाचक, मडगाव

नातीचं ऐका, पण तुमच्या कानावर पडलेलंही निराधार नाही. पोर्तुगीजमध्ये मालकीच्या शब्दाआधी उपपद येतं : उ मेऊ लिव्रु, आ मिन्या काझा. इटालियनमध्येही येतं. जुन्या, मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये सुद्धा ‘ला मी कासा’ असं लिहीत असत आणि स्पेनच्या वायव्येला, आस्तूरियास आणि लेओनच्या मुलखात, असं बोलणं अजून ऐकू येतं. आजच्या प्रमाण स्पॅनिशनं मात्र ठरवलं की नामाच्या आधीची ती जागा एकाच शब्दाची : एकतर उपपद, नाहीतर मालकी. ‘ला कासा’ किंवा ‘मी कासा’. ‘हे माझं पुस्तक’मधलं ‘हे’ही तिथे ‘मी’च्या शेजारी बसत नाही, ‘एस्ते लीब्रो मीओ’ असं मालकीला मागे पाठवावं लागतं.

तुम्हाला आणखी एक सवय मोडावी लागेल. ‘मेऊ’ आणि ‘मिन्या’ असा लिंगभेद तुम्ही आपसूक करता. स्पॅनिशमध्ये नामाआधी दोन्हींना ‘मी’. ‘मेऊ पाय’ (माझे वडील), ‘मिन्या माय’ (माझी आई) असा भेद तिथे नाही. मी पाद्रे, मी माद्रे. ‘मेऊ’चा धागा स्पॅनिशमध्ये सापडतो तो पूर्ण रूपात, ‘मीओ’, ‘मीआ’, आणि तिथे तुमचं उपपदही परत येतं. ‘हे घर तुमचं, माझं ते पलीकडचं’ म्हणताना ‘ला मीआ’ बिनदिक्कत म्हणा.

दोन्ही भाषा जिथे शेजारी-शेजारी चालतात, असंही एक ठिकाण तुमच्या ओळखीचं आहे. पणजीच्या पायऱ्यांवरच्या चर्चचं नाव पोर्तुगीजमध्ये ‘नॉसा सेन्योरा दा इमाकुलादा कोंसेयसांव’. स्पॅनिश माणूस त्याच मातेला ‘न्वेस्त्रा सेन्योरा’ म्हणतो. ‘नॉसा’ आणि ‘न्वेस्त्रा’ दोन्ही उपपदाशिवाय आणि दोन्ही स्त्रीलिंगी. कोंकणीत ‘आमच्या बापा’नं सुरू होणारी प्रार्थना पोर्तुगीजमध्ये ‘पाय नॉसु’, स्पॅनिशमध्ये ‘पाद्रे न्वेस्त्रो’. इथे मालकी नामाच्या मागे गेली आहे. हाक मारताना, विनवताना, जिव्हाळ्यानं बोलताना स्पॅनिश असं करते : ‘इखो मीओ’ (माझ्या बाळा), ‘द्योस मीओ’ (देवा रे). अनोळखी माणसाला लिहायच्या औपचारिक पत्राचा जुना मायनाही ‘मुइ सेन्योर मीओ’ असाच.

*

‘माझा एक मित्र’ म्हणजे ‘मी ऊन आमीगो’ का?
– पेडणे

नाही. ‘ऊन’ आणि ‘मी’ एकाच जागेवर हक्क सांगतात, ते वर आलंच. ‘ऊन आमीगो मीओ’ म्हणा. मैत्रीण असेल तर ‘ऊना आमीगा मीआ’, कारण मागे गेलेलं ‘मीओ’ लिंग आणि वचन दोन्ही बघतं. नुसतं ‘मी आमीगो’ म्हटलं की कोणता मित्र ते ऐकणाऱ्याला माहीत आहे असं धरलं जातं.

तुम्ही विचारलं नाही, पण त्याच ‘मीओ’ची एक बारीक गोष्ट सांगते. ‘ही किल्ली कुणाची?’ याचं उत्तर ‘एस मीआ’, माझी आहे. टेबलावर पाच किल्ल्या पडल्या आहेत आणि त्यांतली तुमची कोणती, असं विचारलं तर ‘एस ला मीआ’, माझी ती ही. पहिल्यात मालक सांगता, दुसऱ्यात वस्तू ओळखून काढता.

*

टीचर, मी क्रूझवर आहे. पुस्तकात ‘ब्वेस्त्रो’ शिकलो, पण इथल्या पेरू, कोलंबिया, मेक्सिकोच्या पोरांच्या तोंडून तो शब्द एकदाही ऐकला नाही. पुस्तक चुकीचं आहे का?
– वास्कोचा एक तारवटी

पुस्तक स्पेनमध्ये लिहिलेलं असणार. तिथे मित्रांच्या टोळक्याला ‘बोसोत्रोस’ म्हणतात आणि त्यांच्या वस्तूंना ‘ब्वेस्त्रो’. लॅटिन अमेरिकेत टोळकं मित्रांचं असो की साहेबांचं, ‘उस्तेदेस’च, म्हणून मालकीही ‘सू’. तू जिथे आहेस तिथे ‘सू’ आणि ‘सूस’नं सगळं भागेल. स्पेनचे प्रवासी असतील तर ‘ब्वेस्त्रो’ कानाला ओळखता यावा, एवढं पुरे. त्यांना तू सेवा देतोस, तेव्हा बोलताना ‘सू’च शोभतो. अर्जेंटिनाचा कुणी सोबती ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणेल, पण मालकी सांगताना त्याचाही ‘तू’च राहतो : ‘बोस तेनेस तू पासापोर्ते’, तुझ्याकडे तुझा पासपोर्ट आहे.

मेक्सिकोच्या सोबत्यानं कधी ‘तू कासा’ म्हणून स्वतःच्याच घराविषयी सांगितलं तर चक्रावू नकोस. ‘आपलंच घर समजा’ हे आपण एका वाक्यात म्हणतो. मेक्सिकन माणूस आतिथ्यानं आपल्या घराला थेट ‘तुझं घर’ म्हणतो. ‘काल तुझ्या घरी जेवण होतं’ असं त्यानं म्हटलं, तर ते त्याच्या घरी होतं.

*

नमस्कार. ‘माझ्यापुढे’साठी मी ‘देलान्ते मीओ’ म्हणते. इंटरनेटवर अर्जेंटिनाचे लोक असंच बोलतात. क्लासमध्ये मात्र ‘देलान्ते दे मी’ म्हणायला सांगतात. कोण बरोबर?
– एक वाचक, वाळपई

तुम्ही ‘देलान्ते मीओ’कडे ओढल्या गेलात ते अर्जेंटिनामुळे कमी आणि मराठीमुळे जास्त, असं मला वाटतं. माझ्यापुढे, माझ्यामागे, माझ्याजवळ, माझ्यासमोर : आपल्याकडे जागा दाखवणाऱ्या प्रत्येक शब्दाआधी मालकीचंच रूप येतं. त्यामुळे ‘मीओ’ आपल्याला घरचा वाटतो.

रिआल आकादेमिया एस्पान्योला, म्हणजे १७१३ साली स्थापन झालेली स्पॅनिश भाषेची अकादमी, ‘देलान्ते मीओ’ काळजीपूर्वक लिहिण्या-बोलण्यात टाळायला सांगते. अर्जेंटिनात आणि स्पेनमध्येही ते सर्रास ऐकू येतं, हे खरं. परीक्षेला बसणार असाल, मुलाखत द्यायची असेल, पत्र लिहायचं असेल तर ‘देलान्ते दे मी’. मी स्वतः वर्गात हेच शिकवते आणि याबाबत सूट देत नाही, कारण परदेशी माणसाच्या तोंडी लोकांना सवलत वाटत नाही, चूक वाटते.

पण सगळीकडे ‘दे मी’ लावत सुटू नका, इथेच बहुतेकांची गाडी अडते. ‘आल लादो मीओ’, माझ्या शेजारी, हे पूर्ण शुद्ध आहे. फरक असा की ‘लादो’ हे नाम आहे, त्याचा अर्थ बाजू. बाजू माझी असू शकते. ‘देलान्ते’ हे क्रियाविशेषण आहे, ‘पुढे’; ‘पुढे’ कुणाच्या मालकीचं नसतं. पारख करायची एक सोपी रीत आहे. मालकीचा शब्द आधी टाकून बघा. ‘आ मी लादो’ होतं? होतं. मग ‘आल लादो मीओ’ही चालतं. ‘एन मी देलान्ते’ होतं? असं कुणीच म्हणत नाही. मग ‘देलान्ते मीओ’ही नको. ‘आ मी आलर्रेदेदोर’ (माझ्या भोवती) होतं, म्हणून ‘आलर्रेदेदोर मीओ’ चालतं. ‘एन मी कोन्त्रा’ (माझ्याविरुद्ध) होतं, म्हणून ‘एन कोन्त्रा मीआ’ चालतं. ‘सेर्का’ (जवळ), ‘देत्रास’ (मागे), ‘एन्सीमा’ (वर) हे तिन्ही या परीक्षेत नापास : सेर्का दे मी, देत्रास दे मी, एन्सीमा दे मी.

वाळपईहून पणजीला येणाऱ्या बसमध्ये सराव करा. ‘देलान्ते दे मी आय ऊना सेन्योरा कोन पेस्कादो’, माझ्यापुढे मासळीची टोपली घेतलेली बाई आहे. ‘आ मी लादो बा ऊन एस्तुद्यान्ते’, माझ्या शेजारी एक विद्यार्थी बसला आहे. पाहाल ते सांगा, प्रत्येक वाक्यात आधी पारख करा.

आणि बाईनं बोलताना ‘आल लादो मीआ’ करायचं नाही. ‘लादो’ पुल्लिंगी आहे, म्हणून ‘मीओ’.

*

मी आणि तू या अक्षरांवर कधी तिरकी रेघ असते, कधी नसते. ती लिहिलीच पाहिजे का?
– म्हापसा

लिहिलीच पाहिजे. रेघेशिवाय ‘मी’ म्हणजे माझा, रेघेसह ‘मला’, ‘माझ्या(साठी)’, तेही ‘पारा’, ‘दे’ यांसारख्या शब्दांनंतर. रेघेशिवाय ‘तू’ म्हणजे तुझा, रेघेसह आपलाच ‘तू’. उच्चार दोन्हींचा सारखा, त्यामुळे कान मदत करत नाही. आपल्या लोकांना तर रेघ नसलेला ‘मी’ पाहून आपला ‘मी’ आठवतो. त्याला स्पॅनिश शब्द ‘यो’ आहे. ‘ती’वर मात्र (‘पारा ती’, तुझ्यासाठी) कधीही रेघ नाही. मोबाइलवर स्वर दाबून धरला की रेघेचं अक्षर वर येतं.

*

मॅडम, माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक ‘मे द्वेले ला काबेसा’ म्हणतं. ‘माझं डोकं’ तर ‘मी काबेसा’ हवं ना?
– हरमल

‘मे’मध्ये ‘मला’ आहे, तेव्हा डोकं कुणाचं ते सांगून झालं. मग ‘मी’ लावणं स्पॅनिशला पुनरुक्ती वाटतं. अंगाचे अवयव आणि अंगावरचे कपडे यांना स्पॅनिश शक्यतो मालकी लावत नाही. माणूस ‘मे’, ‘ते’, ‘ले’, ‘से’मधून सांगते आणि अवयवाआधी साधं उपपद ठेवते. तुम्ही गिऱ्हाइकाला विचाराल ‘ले द्वेले ला गार्गान्ता?’, घसा दुखतो का. बाप मुलाबद्दल सांगेल ‘आ मी इखो ले द्वेले एल एस्तोमागो’. ‘माझा’ मुलाला लागला, पोटाला नाही.

मराठी दुखण्यात मालकी आणते, पण बाकीच्या वेळी आपणही स्पॅनिशसारखेच वागतो. ‘मी हात धुतले’ म्हणतो, ‘माझे हात’ म्हणत नाही : ‘मे लाबे लास मानोस’. मंगेशीच्या देवळाच्या दारात पाहुण्याला ‘चपला काढा’ म्हणतो, ‘तुमच्या चपला’ म्हणत नाही : ‘कीतेसे लोस सापातोस’. वाक्यात दुसरं काहीच माणूस दाखवत नसेल तेव्हा मात्र मालकी लागते. त्याचा नमुना पुढच्याच पत्रात आहे.

*

नमस्कार मॅडम. मी जुन्या गोव्यात गाईड आहे. संत फ्रान्सिस झेवियरांच्या २०२४-२५च्या शवप्रदर्शनाच्या वेळी स्पॅनिश भाविकांना मी ‘एल सान्तो के सू क्वेर्पो एस्ता आकी’ असं सांगायचो. सगळ्यांना कळायचं, पण एका वयस्क बाईंनी हळूच सांगितलं, ‘कूयो’ म्हणा. हा ‘कूयो’ काय?
– एक गाईड, जुनें गोंय

‘कूयो’ म्हणजे आपला ‘ज्याचा’. तुम्हाला म्हणायचं होतं ‘ज्यांचं शव इथे आहे ते संत’ : ‘एल सान्तो कूयो क्वेर्पो एस्ता आकी’. तुम्ही ‘ज्याचा’ऐवजी ‘जो त्याचा’ जोडलात. स्पेनमधले लोक बोलताना खूपदा तसंच करतात, पण अकादमी ते चुकीचं मानते. त्या सवयीला ‘केसुइस्मो’ असं नावही आहे.

मराठी माणसाला ‘कूयो’ अवघड जाऊ नये. ज्याचा, ज्याची, ज्याचे, ज्याच्या असं आपण वस्तूप्रमाणे बदलतोच. तसेच कूयो, कूया, कूयोस, कूयास. शिवाय मालक बाई असली की आपल्याला ‘जिचा’ करावं लागतं, स्पॅनिशमध्ये तेही नाही. ‘कूयो’नंतर उपपद येत नाही आणि नाम लगेच चिकटून येतं. ‘एल सान्तो कूयास रेलीक्यास एस्तान एन गोआ’, ज्यांचे अवशेष गोव्यात आहेत. ‘रेलीक्या’ स्त्रीलिंगी आणि अनेक, म्हणून ‘कूयास’.

मात्र उभ्यानं, गर्दीत, उन्हात बोलताना ‘कूयो’ची लांब वाक्यं ऐकणाऱ्यालाही जड जातात. तुमच्या कामाला छोटी वाक्यं बरी, आणि संत फ्रान्सिस झेवियरांची हकिगत ‘सू’ला फार सोयीची आहे, कारण तिच्यात माणूस एकच आहे. असं सांगून बघा : ‘सान फ्रान्सिस्को खाब्येर नास्यो एन १५०६, एन एल कास्तीयो दे खाब्येर, एन नाबार्रा.’ म्हणजे नाबार्रातल्या खाब्येरच्या गढीत जन्म. ‘झेवियर’ हे नाव त्या गावावरूनच आलं, आणि स्पॅनिश भाविकांना ते तुमच्या तोंडून ऐकायला आवडेल. पुढे ‘मुर्यो एन १५५२, फ्रेन्ते आ ला कोस्ता दे चीना’, चीनच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर देह ठेवला. ‘सू क्वेर्पो येगो आ गोआ एन १५५४.’ आणि शेवटी, ‘सू ब्रासो देरेचो एस्ता एन रोमा’, उजवा हात रोममध्ये आहे, जेझू चर्चमध्ये. हरमलच्या दुकानदारांना मी म्हटलं होतं तो नमुना हाच. हात हा अवयव, तरी इथे ‘एल ब्रासो’ म्हणून भागत नाही, कारण वाक्यात ‘मे’, ‘ले’सारखा दुसरा कुठलाच शब्द तो कुणाचा ते सांगत नाही.

फक्त एक सांभाळा. मध्येच जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नासिओ लोयोला यांचा उल्लेख आला, की माणसं दोन झाली. तिथून पुढच्या वाक्यात ‘सू’ न वापरता पुन्हा नाव घ्या : ‘एल क्वेर्पो दे सान फ्रान्सिस्को’. नाहीतर गटातलं कुणीतरी इग्नासिओंची समाधी तुमच्या जुन्या गोव्याच्या बोम जेझूस चर्चमध्ये शोधायला लागेल, आणि ती रोमला आहे.